परदेशी हत्यार आणि देशी हात

मुंबईत महात्मा जोतीबा फुले मंडईच्या, म्हणजे जुन्या क्रॉफर्ड मार्केटच्या, उत्तरेस नागदेवी स्ट्रीट नावाचा एक गजबजलेला रस्ता आहे. हत्यारांचा बाजार म्हणून त्याची ख्याती मुंबईच्या बाहेरही दूरवर पसरलेली आहे. पाने, पकडी, कानशी, करवतीची पाती आणि अलीकडच्या काळात विजेवर चालणारी ड्रिल, ग्राइंडर, कटर, रंधे यांची दुकाने तेथे एकमेकांना खेटून उभी आहेत. नाशिकचा गवंडी, साताऱ्याचा सुतार, पनवेलचा वेल्डर असे नाना तऱ्हेचे लोक तेथे येतात. गिऱ्हाइकाने ड्रिल मागितले की दुकानदाराचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : ‘कंपनीचे देऊ की चायना?’ या प्रश्नात किमतीचा फरक आहे, विश्वासाचा आहे आणि थोडी परीक्षाही आहे. गिऱ्हाईक किती पाण्यात आहे हे दुकानदाराला उत्तरावरूनच कळते.

प्रश्न विचारणाऱ्याला ठाऊक नसेल, पण त्याच्या या चार शब्दांमागे दीडशे वर्षांचा इतिहास उभा आहे. त्या इतिहासाकडे आपण सहसा पाहत नाही. स्वदेशी आणि परदेशी यांचा वाद निघाला म्हणजे आपल्याला कापड आठवते, साखर आठवते, काच आठवते. ज्या हत्याराने सारे घडवायचे ते हत्यार कोठून आले, याची विचारपूस क्वचितच होते.

पूर्वीच्या गावगाड्यात हा प्रश्न उद्भवत नव्हता. सुताराचा वाकस, किंकरे, पटाशी ही गावचा लोहार घडवी. बोथट झाली की तोच ती पुन्हा भट्टीत घालून पाणी देई. मोबदला धान्याच्या रूपाने, बलुत्याच्या हिशेबात मिळे. हत्यारावर कारागिराचे नाव कोरलेले नसे, कारण कारागीर शेजारच्या आळीतच राहत असे. वाकस पहिल्याच घावाला मुडपला तर सुतार तो घेऊन लोहाराच्या दारात जाऊन उभा राही. त्या काळची हमी ती एवढीच, आणि माझ्या मते ती बरीच भक्कम होती. त्र्यंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा या व्यवस्थेचे सांधे निखळू लागले होते. तिच्यात जातीची जी जखडबंदी होती ती मोडली याचे दुःख करण्याचे कारण नाही. परंतु तिच्याबरोबर घडवणारा आणि वापरणारा यांची समोरासमोरची गाठही सुटली.

ही गाठ प्रथम लोखंडापाशी सुटली. महाबळेश्वरच्या आसपास राहणारे धावड हे दगडातून लोखंड गाळणारे लोक. एकोणिसाव्या शतकात विलायती लोखंड स्वस्त झाले, जंगलातला कोळसा महाग झाला, आणि धावडांच्या भट्ट्या विझल्या. गावच्या लोहाराला बाजारातले आयते लोखंड सोयीचे वाटू लागले. १८५३ साली मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी सुरू झाली, १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला. विलायतेचा माल मुंबई बंदराला लवकर पोहोचू लागला आणि तेथून घाटावरही चढला. पुढे लोखंडाच्या पाठोपाठ तयार हत्यारच येऊ लागले. शेफिल्डची कानस, शेफिल्डची करवत. हत्यारांबरोबर त्यांची नावेही आली. ‘गिरमिट’ हा शब्द आज इतका मराठी वाटतो की तो इंग्रजी शब्दाचा अपभ्रंश आहे हे सांगावे लागते. आपल्या सुताराजवळ भोक पाडण्यासाठी सामता होताच. पण विलायती गिरमिटाने लाकडात शिरकाव केला तसा भाषेतही केला.

याविषयी आपल्याकडे कोणी बोललेच नाही असे नव्हे. लोकहितवादींनी ‘शतपत्रां’त, म्हणजे १८४८ नंतरच्या एकदोन वर्षांतच, आपल्या लोकांनी आपला माल वापरावा, असा आग्रह धरला होता. जोतीराव फुले यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात परदेशातून येणाऱ्या यंत्रनिर्मित मालाची एक लांबलचक यादीच दिली आहे. तीत सुयांपासून चाकू-कातऱ्यांपर्यंतच्या जिनसा आहेत. या मालामुळे इकडच्या कारागिरांवर उपासमारीची पाळी आली, हे त्यांनी निर्भीडपणे सांगितले. पुढे न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने १८९० साली पुण्यात औद्योगिक परिषद भरली. मात्र एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पुढच्या काळात स्वदेशीच्या चळवळीने हातमागाला आणि चरख्याला मोठी प्रतिष्ठा दिली. तो माग ज्या करवतीने कापला जाई ती बहुधा विलायती असे, आणि तिची होळी करण्याचे कोणाच्या मनात आले नाही. कारागीर असे कधी करणारही नाही. चांगली करवत कोणत्या देशाची आहे, हे तो कापून झाल्यावर पाहतो.

आणि देशांची कीर्ती तरी कोठे स्थिर असते? आज जर्मन हत्यार म्हटले की आपण मान डोलावतो. परंतु १८७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले, त्या वेळी फ्रान्त्स रॉइलो या जर्मन यंत्रशास्त्रज्ञाने आपल्याच देशाच्या मालाची संभावना स्वस्त आणि वाईट या दोन शब्दांत केली होती. शेफिल्डच्या कारखानदारांची तक्रार याहून तिखट होती. जर्मनीतल्या सोलिंगेन गावचे लोक हलक्या पोलादाच्या चाकू-कातऱ्या करून त्यांवर शेफिल्डचा शिक्का मारतात, असे त्यांचे म्हणणे होते. त्यातून १८८७ साली ब्रिटिश पार्लमेंटने व्यापारी चिन्हांविषयीचा कायदा केला. इंग्रजी वाटणारा शिक्का असलेल्या परकी मालावर तो मूळ कोठला हे लिहिणे त्याने भाग पाडले. दोनच वर्षांनी, १८८९ मध्ये, हिंदुस्थानातही तसा कायदा झाला. गिऱ्हाइकाला सावध करण्यासाठी जी अक्षरे सक्तीने कोरायला लावली, तीच पुढे गिऱ्हाईक मुद्दाम शोधू लागले. कलंक म्हणून दिलेले नाव बिरुद होऊन बसले!

जपानचीही हीच कथा. दोन महायुद्धांच्या दरम्यान ‘जपानी माल’ हे शब्द हलक्या, दिखाऊ, चार दिवसांच्या वस्तूंसाठी सर्रास वापरले जात. त्या मालाच्या स्वस्ताईचा धसका इतका मोठा होता की १९३३ साली हिंदुस्थान सरकारने त्याला अडवण्यासाठी कायदा केला. युद्धात पराभव झाल्यावर काही वर्षे जपानला आपल्या निर्यातीच्या मालावर ‘व्यापलेल्या जपानमध्ये बनवलेले’ अशी अक्षरे छापावी लागली. १९५० साली एडवर्ड्स डेमिंग या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने तेथील अभियंत्यांना गुणनियंत्रणाचे धडे दिले, आणि पुढच्याच वर्षापासून त्याच्या नावाचे पारितोषिक सुरू झाले. नागोयाची माकिता कंपनी १९१५ पासून विजेच्या मोटारी दुरुस्त करीत असे; तिने १९५८ साली विजेवर चालणारा रंधा तयार केला. आज आपल्याकडचा अनुभवी सुतार त्या कंपनीचे नाव आदराने घेतो. त्याच्या आजोबांनी जपानी चाकू हसून बाजूला सारला असेल.

आपणही या शिक्क्यांच्या खेळात मागे नव्हतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी कल्याणजवळ उल्हासनगर वसवले आणि उद्योगशीलतेने ते भरभराटीस आणले. तेथे बनलेल्या मालावर ‘मेड इन यूएसए’ असे लिहिलेले असते आणि त्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा आहे, हा विनोद मुंबईच्या लोकलमधून अनेक पिढ्यांनी ऐकला आहे. विनोद बाजूला ठेवला तरी त्यात सोलिंगेनचाच कित्ता आहे.

स्वस्त आणि महाग, देशी आणि परदेशी या वादाला उत्तर देणारा एक मराठी माणूस त्याच काळात होऊन गेला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात दुकान मांडले ते परदेशी सायकलींचे. परक्या मालाचा विक्रेता म्हणूनच त्यांचा आरंभ झाला. माल विकता विकता त्याची रचना समजते, दुरुस्त करता करता तो बनवण्याची उमेद येते. कडबा कापण्याचे यंत्र आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर ही त्या उमेदीची फळे होत. लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे नांगर घ्यायला आरंभी कोणी पुढे येईना. परंतु नांगराचा फाळ झिजला तर नवा फाळ मिळेल, मोडला तर दुरुस्त होईल, याची खात्री पटली आणि गिऱ्हाईक वाढले. १९१० साली औंध संस्थानात कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. मला या हकिगतीत नांगराइतकाच त्याचा सुटा फाळ महत्त्वाचा वाटतो.

आता विजेच्या हत्याराकडे वळू. हातात धरता येईल असे विजेचे ड्रिल जर्मनीत स्टुटगार्ट येथे फाइन यांच्या कारखान्यात १८९५ साली झाले. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा घोडा हे आज आपल्या परिचयाचे रूप त्याला अमेरिकेत बाल्टिमोरच्या ब्लॅक आणि डेकर या जोडीने दिले. त्यांना १९१७ साली त्याचे पेटंट मिळाले. ही सारी हत्यारे कारखान्यासाठी होती. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यातले कामगार ती घरच्या डागडुजीसाठी घेऊन जाऊ लागले आणि त्यावरून मालकांना नव्या गिऱ्हाइकाचा सुगावा लागला, असे सांगतात. ते कसेही असो, १९४६ साली त्या कंपनीने घरगुती वापराची हलकी व स्वस्त ड्रिल बाजारात आणली. या घटनेला मी फार महत्त्व देतो. येथे हत्याराच्या दोन जाती झाल्या. एक दिवसभर राबणाऱ्या कारागिराची. दुसरी रविवारी दुपारी भिंतीवर तसबीर टांगणाऱ्या गृहस्थाची. पुढे परदेशांत या दुसऱ्या जातीसाठी सवलतीच्या दराची स्वतंत्र दुकाने निघाली. अमेरिकेत १९७७ साली सुरू झालेल्या हार्बर फ्रेटचे नाव तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना सांगायला नको. वर्षातून दहा वेळा लागणारे ड्रिल स्वस्तात घेतले आणि ते तीन वर्षांनी बंद पडले, तर त्या गृहस्थाचे फारसे काही बिघडत नाही.

महाराष्ट्रात विजेचे हत्यार यायचे तर आधी वीज यायला हवी होती. टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून १९१५ साली मुंबईला वीज मिळू लागली. कोयनेची वीज वाहू लागली ती १९६२ साली. तोवर स्वतंत्र भारताचे आयातनियंत्रण कडक झाले होते. परकीय चलनाच्या टंचाईत परदेशी ड्रिल हे परवान्याचे प्रकरण होते. मोठ्या कारखान्याला ते मिळे, सुताराला नाही. त्या बंदिस्त काळात देशी उत्पादन उभे राहिले. रॅली ही जुनी व्यापारी पेढी आणि इंग्लंडची वुल्फ कंपनी यांच्या सहकार्यातून मुलुंडला ‘रॅलीवुल्फ’ची ड्रिल तयार होऊ लागली, आणि कित्येक कार्यशाळांत ते नाव ड्रिलचा प्रतिशब्दच बनले. १९७०च्या दशकात कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ येथे कुलकर्णी पॉवर टूल्स हा कारखाना निघाला. नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्या भाविकांना आणि उसाच्या गाड्यांना परिचित असलेल्या त्या टापूत विजेची हत्यारे घडू लागली, ही गोष्ट आपल्या उद्योगाच्या इतिहासात अधिक ठळकपणे नोंदली जावयास हवी. ही हत्यारे जड होती, महाग होती. परंतु त्यांचे सुटे भाग मिळत.

१९९१ नंतर बंधने टप्प्याटप्प्याने सैल झाली. आयातीच्या संख्येवर उरलेल्या मर्यादा १ एप्रिल २००१ रोजी उठल्या, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला. त्यानंतर नागदेवी स्ट्रीटवर, पुण्याच्या बोहरी आळीत, प्रत्येक जिल्ह्याच्या लोखंडी सामानाच्या पेठेत चिनी ड्रिल आणि ग्राइंडर यांचे ढीग लागले. नामांकित हत्याराच्या निम्म्या, कधी तिसऱ्या हिश्शाच्या किमतीत.

या स्वस्ताईला नाके मुरडणे सोपे आहे. मी ते करणार नाही. ज्याच्याजवळ भांडवल नाही अशा मुलाला तिने धंद्याचे दार उघडले. पूर्वी विजेचे हत्यार ठेकेदाराच्या मालकीचे असे आणि कारागीर केवळ मजुरीचा धनी. आता स्वतःची पेटी, स्वतःचे ड्रिल, स्वतःचा कटर घेऊन तो स्वतंत्रपणे काम धरू लागला. पुण्या-मुंबईत घराघरांतले लाकूडकाम करणाऱ्यांत राजस्थानातून आलेले सुथार पुष्कळ आहेत. त्यांच्या पेटीतही ही हत्यारे असतात. ज्या मूर्ती आपल्या कित्येक देवळांत व देवघरांत पोहोचतात, त्या जयपूरच्या संगमरवरी मूर्ती घडवणाऱ्या खजानेवालों का रास्ता या गल्लीतही छिन्नीच्या आवाजात ग्राइंडरची घरघर मिसळली आहे. हात वाचला, दिवस वाचले. धूळ मात्र वाढली.

तरीही एक अडचण उरते, आणि ती देशाच्या नावाची नाही. चीनमध्ये उत्तम हत्यारे होतात. जगातल्या मोठ्या कंपन्यांचाही कितीतरी माल तेथेच तयार होतो. अडचण अशी की जे हत्यार परदेशी गृहस्थाच्या रविवारासाठी योजलेले आहे, ते आपल्याकडे सोमवार ते रविवार कारागिराच्या हातात चालते. या हत्याराची मोटार फार वेगाने फिरते आणि लवकर तापते. थोडे चालवावे, थोडे थांबवावे अशीच स्वस्त मोटारीची रचना असते. तांब्याच्या तारेऐवजी तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार घातली, बॉल बेअरिंगच्या जागी साधे बुश बसवले, दातेरी चाकांचे पोलाद हलके वापरले, की किंमत उतरते. बाहेरून काहीच दिसत नाही. पेटीवर लिहिलेले वॅट हे मोटार किती वीज ओढते ते सांगतात. त्यातले टोकापर्यंत किती पोहोचते हे सांगत नाहीत. गृहस्थाला हा फरक कधी जाणवणार नाही. कारागिराला तो आठवड्यात जाणवतो.

ग्राइंडरच्या बाबतीत प्रश्न केवळ पैशाचा राहत नाही. १०० मिलिमीटरची चकती मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते. हिशेब केला तर तिच्या कडेचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर जातो. अशी चकती फुटली तर तिचा तुकडा कोठे जाईल हे सांगता येत नाही. म्हणून तिच्यावर पत्र्याचे कवच असते. स्वस्त यंत्राचे कवच नीट बसत नाही, कामात आडवे येते, आणि कारागीर ते पहिल्याच दिवशी काढून टाकतो. बटण अडकून यंत्र बंद न होणे, वायरचे वेष्टण उकलून धक्का बसणे, हेही घडते. त्याचा खर्च हत्याराच्या किमतीत धरलेला नसतो. तो ज्याच्या हातात यंत्र आहे त्याच्या अंगावर पडतो.

मग जबाबदार कोण, हा शेफिल्डवाल्यांचाच प्रश्न पुन्हा पुढे येतो. २०११च्या नियमांनुसार आयात केलेल्या बंद पेटीवर आयात करणाऱ्याचे नाव, पत्ता आणि कमाल किंमत छापणे बंधनकारक आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेची जबाबदारीही निश्चित केली आहे. परंतु कारागीर पावती मागत नाही, कारण पावती घेतली तर भाव वाढतो; आणि पावतीवाचून कायद्याच्या दारात उभे राहणे अवघड. हत्याराच्या अंगावर कोणते तरी भारदस्त, परिचित नावाशी अक्षराअक्षराने जवळ जाणारे नाव असते. ‘चले तो चाँद तक, नहीं तो शाम तक’ हे बाजारातले वचन दुकानदार हसत सांगतो, गिऱ्हाईकही हसते, आणि व्यवहार पुरा होतो. आपली फसवणूक होते आहे असे दोघांनाही वाटत नाही. दोघेही दैवावर पैज लावीत असतात.

या पैजेत कारागिराच्या बाजूने उभा राहणारा एक माणूस आहे. इतिहासाने त्याची दखल घेतलेली नाही. तो म्हणजे मोटारीचे वाइंडिंग करणारा. प्रत्येक तालुक्याच्या गावी, एखाद्या गाळ्यात, जळलेल्या वार्निशाच्या वासात तो बसलेला असतो. पंपाच्या मोटारी हे त्याचे मुख्य काम. ड्रिल आणि ग्राइंडर हे जोडकाम. स्वस्त यंत्राचे सुटे भाग कोठेच मिळत नाहीत, कारण ज्याने ते बनवले त्याने ते पुन्हा उघडले जाईल असे धरलेलेच नसते. तेव्हा हा माणूस दुसऱ्या कंपनीचा कार्बन घासून बसवतो, दोन मेलेल्या यंत्रांतून एक जिवंत करतो, जळलेली तार सोडवताना तिचे वेढे मोजतो आणि तितकेच नवे, बऱ्या तांब्याचे वेढे हाताने घालतो. गावच्या लोहाराची जागा त्याने घेतली आहे असे म्हणायला हरकत नाही; फक्त आता बलुते नाही, रोख आहे. त्याच्याकडून आलेले यंत्र पुष्कळदा नव्याहून अधिक टिकते.

मात्र नव्या यंत्राची किंमत जसजशी खाली येते तसतशी त्याची मजुरी गिऱ्हाइकाला डोईजड वाटू लागते. मग यंत्र दुरुस्तीला येते आणि परत नेलेच जात नाही. गाळ्याच्या कोपऱ्यात अशा यंत्रांचा ढीग साठतो. महिना-दोन महिन्यांनी भंगारवाला येतो, प्लॅस्टिकचे कवच फोडून आतली तार खरवडून पाहतो. तांबे निघाले तर ते वेगळे तोलतो. न निघाले तर पोत्यात टाकून पुढच्या गाळ्याकडे जातो.